पलंगाखालची तारली

दिनांक १ फेब्रुवारी २०१५. अनामत रक्कम रुपये दहा हजार, रोख. हजर: घरमालकीणबाई, माझी बायको आणि मी. जागा नंदुरबारात, मिरचीच्या पथाऱ्या लागतात त्या बाजूला. वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि पुढे सज्जा. भाडे दरमहा अडीच हजार ठरले.

बाईंनी नोटा मोजून घेतल्या आणि म्हणाल्या, "एक अट आहे. माझ्या मधल्या खोलीत पंखा चालू दिसला तर बंद करायचा नाही. मी घरात नसले तरी."

मी कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेबाचे काम करतो. रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवणे हे मला पटण्यासारखे नव्हते. मी विचारले, "बिल कोण भरणार?"

"मी भरते. तुम्ही फक्त बटणाला हात लावू नका."

मग त्यांनी ती खोली दाखवली. घरातली सर्वात थंड खोली तीच. खिडकीला ओल्या गोणपाटाचा पडदा, खाली शहाबादी फरशी, मध्ये एक मोठा सागवानी पलंग. पलंगावर गादी नव्हती. पलंगाखाली विटांवर फळ्या मांडल्या होत्या आणि फळ्यांवर डबे होते. लहान, चपटे, पत्र्याचे. तारली नावाच्या समुद्रातल्या माशांचे. काही टोमॅटोच्या रसातले, काही तेलातले. प्रत्येक डब्याच्या बुडाला खडूने आणल्याची तारीख. पंखा होता तो या डब्यांसाठी. बाई स्वतः बाहेर ओट्यावर खाटेवर झोपत.

आमच्या घरात मांस-मासळी चालत नाही. आम्ही तापीकाठचे, केळी आणि कापूस करणारे. आईच्या चुलीपाशी अंड्याचे टरफलसुद्धा कधी आले नाही. तेव्हा ती खोली पाहिल्यावर आम्ही अनामत परत मागायला हवी होती. पण जागा हवेशीर होती, भाडे परवडत होते आणि बायकोला तेव्हा दिवस राहून नुकतेच चार महिने झाले होते. तिला जिना चढवून तिसऱ्या जागेकडे नेण्याची माझी तयारी नव्हती.

बाई आता हयात नाहीत. त्यांचे नाव मी लिहीत नाही, कारण गल्लीतही ते कोणी घेत नसे. सगळे त्यांना बाईच म्हणत, आणि पाठीमागे डबावाली. त्या सातपुड्यातल्या एका पाड्यावर जन्मल्या होत्या, शिकल्या, आणि पुढे डोंगरातल्याच एका मुलींच्या वसतिगृहावर गृहपाल म्हणून निवृत्त होईपर्यंत राहिल्या. लग्न केले नव्हते. घरी एकट्या असल्या की स्वतःशी आपल्या भाषेत बोलत. आमच्याशी मात्र शाळेच्या पुस्तकातल्यासारखे स्वच्छ मराठी. समोरचे सगळे अहिराणीत बोलत असले तरी त्या आपल्या मराठीतून हटत नसत.

डबे आणायला त्या स्वतः गाडीने सुरतेला जात. तिथे कुठल्याशा दुकानात उभ्या राहून एकेक डबा हातात घेऊन पाहत. कडेला पोचा आलेला डबा घेत नसत. गंजाचा ठिपका दिसला तर तो अंगठ्याने पुसून बघत. पुसला गेला तर ठीक, नाही तर परत. दुकानदार कंटाळून म्हणे, असे त्याच सांगत. घरी आणल्यावर नवे डबे मागे आणि जुने पुढे. जे आधी आले ते आधी खायचे.

समोर एक रिक्षावाला राहत होता. बाई पिशवी घेऊन आल्या की तो हमखास टोकायचा.

"बाई, उकाई धरनना ताजा मासा येस बजारमा. तो सोडीसन हाऊ डबामाधला मरेल मासा कसाले खातस वं तुम्ही?"

"तू ताजा मासा काय जिवंत खातोस का रे?"

"नही, पन..."

"मिळतो त्या दिवशी तू ताजा खा. मिळत नाही त्या दिवशी काय खातोस? वडापाव. त्या दिवशीचं मी बोलते आहे."

डोंगरातले पावसाळ्याचे महिने त्यांच्या बोलण्यात नेहमी यायचे. रस्ता बंद, भाजी नाही, डाळ संपत आलेली, आणि ताटावर बसलेल्या पोरी. एका वर्षी मदत म्हणून डब्यातल्या माशांची खोकी वर आली होती. त्या तेव्हापासून या डब्यांच्या मागे लागल्या. भातात कालवून एक डबा तीन पोरींना पुरतो, असे त्या सांगत. काटा काढू देत नसत. तो शिजून मऊ झालेला असतो, दाताखाली विरतो, आणि हाडाला हाडच लागतं, असे त्यांचे म्हणणे.

बाईंची एक सवय मात्र कोणालाच कळत नसे. त्यांच्याकडे कोणी जेवले की दुसऱ्या दिवशी सकाळी त्या त्याला गाठत, समोर उभ्या राहत आणि विचारत, "मी किती दिसते?"

गल्लीतली पोरे "चार!" म्हणून ओरडत पळत. रिक्षावाला म्हणे, "बाई, एकच दिसतस, पन तीच भलती शे." बाई हसत नसत. "एक" हा शब्द ऐकल्याशिवाय त्या बाजूला होत नसत. नव्या खोक्यातला पहिला डबा त्या स्वतः एकट्याच खात, आणि पुढचे दोन-तीन दिवस सकाळी ओट्यावरच्या आरशापुढे जाऊन उभ्या राहत. मी कामावर निघताना हे पाहिले आहे. आरशात बघून त्या हळूच स्वतःला विचारत, "किती?" आणि थोडे थांबून, पुटपुटल्यासारखे, "एक."

मला पहिल्या महिन्यात याचे हसू येई. मार्चमध्ये हसू गेले.

एका रविवारी बाईंनी खालून हाक मारली. आवाज असा होता की मी चप्पल न घालता उतरलो. मधल्या खोलीत त्या गुडघ्यांवर बसल्या होत्या. सगळ्या डब्यांवरून अंगठा फिरवून दाबून पाहण्याचा त्यांचा तो दिवस. चांगल्या डब्याचे झाकण आत ओढलेले असते, दाबले तरी हलत नाही. एका डब्याचे झाकण वर आले होते. फार नाही, पोळी फुगायला लागते तेवढे. त्यांनी दाबले तेव्हा ते खाली गेले आणि टिक् असा आवाज करून पुन्हा वर आले.

"ऐकलंत? हा बोलला," त्या म्हणाल्या. "बोलणारा डबा घरात नको. सगळे बाहेर व्हा."

"अहो बाई, एका डब्यासाठी..."

"पोरीला खाली आणा. या खोलीवरून नाही, बाहेरच्या जिन्याने. आधी तिला."

मी बायकोला घेऊन रस्त्यावर आलो. बाईंनी सांडशीत तो डबा धरला, हात लांब केला आणि अशा चालल्या, जणू सापाची मुंडी पकडली आहे. समोरचा रिक्षावाला रिक्षा पुसत होता.

"बाई, बॉम्ब शे का?"

"बॉम्ब फुटला की कळतो," बाई न थांबता म्हणाल्या. "याचं कळत नाही. आत विष झालं तरी वास नाही, चव नाही."

मागच्या परसात त्यांनी आधीच खड्डा खणून ठेवलेला होता. तो कायम तयार असे, हे मला तेव्हा कळले. डबा न उघडता त्यात ठेवला, वर चुना, वर माती, वर दगड. कुत्र्याने उकरू नये म्हणून दगडावर काटेरी फांद्या. मग साबणाने हात धुतले, सांडशी उकळत्या पाण्यात टाकली, आणि परसातल्या पायरीवर बसून राहिल्या. माझ्या बायकोने त्यांना पाणी दिले. तेव्हा त्यांनी सांगितले.

त्या वर्षी, मदतीची खोकी आली तेव्हा, शेवटी शेवटी एक डबा असाच वर आलेला होता. बाईंना वाटले, वाटेत आपटून वाकला असेल. उघडला. वास ठीक होता. भातात कालवला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिघींपैकी एक मुलगी वर्गातून उठून आली आणि त्यांच्याकडे बघत म्हणाली, "बाई, तुम्ही दोन का झालात?"

"मला वाटलं, चेष्टा करते," बाई म्हणाल्या. "मी तिला ओरडले. संध्याकाळी तिला पाणी गिळता येईना. नाकातून बाहेर येत होतं. पापण्या वर होईनात. ताप नाही, काही नाही. शुद्धीवर होती, सगळं ऐकत होती. बांबूला झोळी बांधून खाली नेली. पुढे गाडी. पुढे मोठा दवाखाना. श्वास मशीनने चालू होता तिचा."

"वाचली?" माझ्या बायकोने विचारले.

"वाचली. घरी गेली. परत शाळेत आली नाही. बापाने पाठवली नाही." मग त्या म्हणाल्या, "झोळीत होती तेव्हा मी बाजूने चालत होते. ती माझ्याकडे बघायचा प्रयत्न करत होती. मी विचारत होते, आता किती दिसते? सांग, किती? ती बोलू शकत नव्हती."

त्या दिवसापासून मला मधल्या खोलीची भीती बसली. रात्री वरच्या खोलीत पडल्यावर खालच्या पंख्याची घरघर ऐकू यायची आणि वाटायचे, आपण कशावर झोपलो आहोत. मी बाईंना विचारले, "इतकी भीती आहे तर हे ठेवता कशाला?"

त्यांनी माझ्याकडे अगदी ढ मुलाकडे बघावे तसे बघितले. "विजेने लोक मरतात. तुम्ही वीज तोडलीत का? वायर नीट ठेवता ना? तसंच आहे. आणि त्या पावसाळ्यात बाकीचे डबे नसते तर किती पोरी आजारी पडल्या असत्या, तो हिशेब तुम्ही कधी केला नाही."

बायकोचे रक्त कमी होते. हिमोग्लोबिन सात पूर्णांक आठ. लोहाच्या गोळ्या तिला पचत नव्हत्या. घेतली की उलटी. डॉक्टरीणबाई दर वेळी कागदावर आकड्याला गोल करीत आणि माझ्याकडे बघत. एप्रिलमध्ये आकडा आठ पूर्णांक चार झाला आणि मी खूश झालो. म्हणालो, गोळ्या लागू पडल्या. बायको म्हणाली, "गोळ्या मी फेकते आहे. मी खाली जेवते. बाईंकडे."

मला रागवायला हवे होते. पण मी आकडेवाला माणूस. साताचे आठ झाले होते. मी एवढेच विचारले, "तुला ओकारी नाही येत?"

"पहिल्या दिवशी आली. बाई म्हणाल्या, डोळे मीट आणि बाजरीच्या भाकरीबरोबर खा. आता येत नाही." मग हळूच, "आईंना नका सांगू."

मी सांगितले नाही. पण मे महिन्यात आईच आली. सातव्या महिन्याची ओटी भरायला आणि भरून झाली तरी राहिली, सुनेकडे लक्ष द्यायला. घर लख्ख केले, भांडी चिंच लावून घासली, फळीवर देवांची मांडणी केली. बायकोचे खाली जाऊन जेवणे बंद झाले. मला वाटले, मासेही बंद झाले असतील.

झाले नव्हते. एक दिवस पाणी भरायला म्हणून बायको खाली गेली तेव्हा बाईंनी तिच्या पदरात एक डबा घातला, आणि नेहमीचा नियम सांगितला: उघडलास की लगेच दुसऱ्या भांड्यात काढ, झाकण लाव, फ्रिजमध्ये ठेव, उद्यापर्यंत संपव. डब्यात ठेवायचं नाही. बायकोने "हो बाई" म्हटले. बाईंच्या हाताखालून कित्येक पोरी "हो बाई" म्हणून गेल्या असतील.

आई दुपारची आडवी झाली तेव्हा बायकोने सज्ज्यात बसून अर्धा डबा खाल्ला. उरलेला तसाच, डब्यातच, वर पळसाचे पान झाकून, कुलरच्या मागे ठेवला. कुलरचे गवत ओले, तिथे गार राहील असे तिला वाटले. कुलरच्या मागे मोटारीची ऊब आणि वर मे महिन्याचे ऊन. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने उरलेले खाल्ले. हे सगळे नंतर कळले.

मला आईचा फोन आला तेव्हा जिनिंगमध्ये महिन्याचे टिपण चालू होते.

"भाऊ, घर ये. वहूनं तोंड लालभडक व्हयी गयं. ती थरथर करी ऱ्हायनी."

मी पोचलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. चेहरा, मान, छाती, सगळे लाल. अंगावर गांधी उठलेल्या. डोके फुटते आहे म्हणत होती. मनगट धरले तर नाडी इतकी जोरात की मला मोजता येईना. ती दोन्ही हातांनी पोट धरून बसली होती आणि एकच गोष्ट बोलत होती, "हालचाल कळत नाही. मला हालचाल कळत नाही."

समोरच्या रिक्षावाल्याने आम्हाला नेले.

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला. सातव्या महिन्यात डोके इतके दुखते म्हणजे गर्भारपणातला दाब असू शकतो, झटका येऊ शकतो, इथे ठेवण्यात धोका आहे, सुरतेला न्यावे लागेल, असे त्या म्हणाल्या. नर्सला गाडी बोलवायला सांगितले. मग विचारले, "दुपारी काय खाल्लं?"

आई पुढे झाली. "बाजरीनी भाकर खादी, ताक पिनी. मीच रांधेल शे. मन्हा हातनं खाईसन आजपावत कोनी आजारी पडं नही."

"अजून काही?"

"काहीच नही."

बायकोने डोळे मिटून घेतले. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. आईचा हात तिच्या कपाळावर होता.

तेवढ्यात बाई आल्या. अनवाणी, केस सुटलेले, धापा टाकत. बायकोला दवाखान्यात नेल्याचे गल्लीत कळताच त्या वर गेल्या होत्या, स्वयंपाकघर, फ्रिज, न्हाणीघर सगळे उलथून पाहिले होते, आणि शेवटी कुलर ओढला होता. त्यांनी पिशवीतून डबा काढून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला. तळाशी थोडा लाल रस आणि एक शेपटी.

"हा. उघडलेला. कालपासून बाहेर, उन्हात. मासे, तारली. झाकण आधी चांगलं होतं, मी स्वतः दाबून दिला होता."

आईने डब्याकडे पाहिले. "हाई काय शे?"

"मासे."

"कोनी दिधं?"

"मी दिलं," बाई म्हणाल्या. आईकडे त्यांनी मान वळवली नाही. त्या माझ्या बायकोच्या तोंडाशी वाकल्या होत्या. "पोरी, डोळे उघड. मी किती दिसते?"

बायकोने डोळे उघडले.

"किती?"

"एक."

"नीट बघ. कडा दोन दिसतात का? हे पाणी घे. गीळ. गिळता येतंय? नाकात नाही ना येत? परत गीळ. आता किती?"

"एकच, बाई. एकच आहात."

बाई तिथेच जमिनीवर बसल्या, टेबलाच्या पायाला पाठ लावून.

डॉक्टरीणबाईंनी डब्याचा वास घेतला, गांधी पुन्हा पाहिल्या आणि नर्सला म्हणाल्या, गाडीला थांबायला सांग. उघडा मासा उन्हात राहिला की त्यात असे विष तयार होते, अंग लाल होते, छाती धडधडते, डोके दुखते. वेळेवर कळले तर इंजेक्शनने उतरते. कळले नसते तर आपण भलत्याच रोगाच्या मागे सुरतेच्या रस्त्यावर असतो. त्यांनी इंजेक्शन दिले, सलाईन लावले. मग पोटावर मशीन लावले. सुरुवातीला नुसती खरखर. आम्ही चौघे त्या खरखरीकडे कान लावून उभे होतो. नर्सने मशीन थोडे सरकवले, आणखी सरकवले. आईने माझे मनगट धरले होते, तिची नखे मला लागत होती. मग ठोके आले. भराभर, पळत सुटल्यासारखे.

अंधार पडेपर्यंत लाली उतरली आणि बायकोने सगळे सांगितले. आई खाटेच्या कडेला बसून होती. मी म्हटले, आता बोलेल, आणि बोलली की तिला थांबवणे माझ्याने होणार नाही. पण तिने सुनेला हळू आवाजात एवढेच विचारले, "डबामाच कसाले ठेवं वं? बाईंनी सांगं व्हतं ना, भांडामा काढ म्हनीसन?"

"कोनतं भांडं लेती, आई?" बायको म्हणाली. "बठा भांडा घरना. देवना निवद बी त्यामाच ऱ्हास. घरनं भांडं कसं इटाळती मी?"

बाई दारात उभ्या होत्या, त्यांनी ते ऐकले. जिना उतरताना त्या माझ्याशी नाही, स्वतःशी बोलल्यासारख्या म्हणाल्या, "नियम सांगितला. भांडं आहे का, ते विचारलंच नाही मी."

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो तेव्हा मधल्या खोलीतला पंखा बंद होता. मला तो बंद बघून जास्त भीती वाटली. परसातून कुदळीचा आवाज येत होता. बाई खड्डा खणत होत्या, मोठा, आणि बाजूला डब्यांची चळत लावली होती. सगळे डबे. खडूच्या तारखा तशाच.

आई सज्ज्यातून बराच वेळ बघत राहिली. मग खाली उतरली. बाईंच्या घरात तिने तोवर पाय ठेवला नव्हता, तेव्हाही ठेवला नाही. बोळातून वळसा घालून परसात गेली. मी मागे होतो.

"बाई, काय करी ऱ्हायनात?"

"पुरते आहे."

"फुगेल शेतस का?"

"नाहीत."

"मंग?"

बाईंनी कुदळ थांबवली. "मला आता भरवसा राहिला नाही. डब्याचा आहे, माणसाचा नाही. मी आता कोणाला देणार नाही."

"वहूले बी नही?"

"तिला तर नाहीच. मला भीती वाटते."

"माले बी वाटनी," आई म्हणाली. "ते मशीन खरखर करे ना, तवय. पन वहूनं रगत पानी व्हयी जायेल शे. मन्हा भाकर-ताकवर ते वाढत नही, दखं मी. तुम्हना डबावर वाढनं."

बाईंनी पुन्हा कुदळ उचलली.

"तुम्ही पुरी देशात, मंग मी काय खावाडू तिले? सांगा."

"तुम्ही सांगता? तुम्ही?" बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच गोंधळ पाहिला.

"मी नही खावाव. मन्हा चुलाले लागू बी नही देवाव. ते राहू द्या." आई पदराने तोंड पुसत होती. "भांडं कशं लागस, ते सांगा."

"झाकणाचं," बाई सावकाश म्हणाल्या. "स्टीलचं. झाकण घट्ट बसायला हवं. आणि ते फ्रिजमध्येच ठेवायला लागेल, बाहेर नाही."

"फ्रिजमा एक फळी मोकयी करी देसू. देवनं दूध वर ठेवसू."

मुलगी पुढे जुलैत झाली, दोन किलो सहाशे ग्रॅम, रडली जोरात. पण त्या दिवशी हे कोणाला माहीत नव्हते. त्या दिवशी बाईंनी कुदळ भिंतीला लावली, पण डबे उचलले नाहीत. ऊन त्यांच्यावर चढत होते. आईने चळतीकडे एकदा बघितले आणि मला म्हणाली, "भाऊ, त्या आत ठेव. तापी जातीन. मंग पंखा लाव." मी दोन-दोन करून डबे आत नेले. बाई दाराशी उभ्या राहून प्रत्येकावर पुन्हा पुन्हा अंगठा दाबत होत्या.

उन्हे कलल्यावर आई मला घेऊन बाजारात गेली. भांड्यांच्या दुकानात तिने एकामागून एक डबे उघडून पाहिले, झाकण लावून उलटे केले, हलवले. दुकानदार म्हणाला, "काकू, दूध ठेवानं शे का?"

"नही," आई म्हणाली, आणि काय ठेवायचे ते सांगितले नाही.

शेवटी एक मध्यम डबा तिने पसंत केला. दुकानदाराने नाव टाकायची सुई मशीनला लावली आणि विचारले, "नाव कोनतं टाकू?"

आमच्या घरातल्या भांड्यांवर आजोबांचे नाव आहे, वडिलांचे आहे, आईचे आहे. मी वडिलांचे सांगणार होतो. आईने मला हाताने मागे सारले आणि सुनेचे नाव सांगितले. पहिले नाव, तेवढेच. दुकानदाराने पुढचे विचारले तर म्हणाली, "पुढलं नको. तिनंच शे."

सुई पत्र्यावर किरकिरत होती तोवर ती डोळे मोठे करून एकेक अक्षर बघत होती. तिला वाचता येत नाही. भांड्याचे दोनशे दहा आणि नावाचे दहा, असे दोनशे वीस रुपये झाले. मी पाकीट काढले होते. आईने ते उघडू दिले नाही. कमरेची पिशवी सोडून तिने दोनशे वीस रुपये भांडेवाल्याच्या हातात दिले.